बुरशीचं नाव विचारा

मागच्या अंकात मी कोरोनाच्या काळात आयसीयूत दिसलेल्या, औषधांना दाद न देणाऱ्या बुरशींबद्दल लिहिलं होतं. त्यावर 47 पत्रं आली. जळगाव-धुळ्याच्या लॅबमध्ये 31 वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र केलं, पण त्यात पेशंटच्या घरून मला एकही पत्र आलं नव्हतं. लॅबवाल्यांना कोण पत्र लिहितं? आमच्याकडे येते ती बाटली आणि तिच्या गळ्यात रबरबँडने अडकवलेला फॉर्म. त्यामुळे ही पत्रं मी जरा जास्तच सावकाश वाचली. त्यातली सात इथे घेते. नावं मुद्दाम गाळली आहेत.

मॅडम, माझे वडील (आम्ही तात्या म्हणायचो) एप्रिल 2021 मध्ये कोरोनाने ॲडमिट झाले. वय 63, शुगर होती. 11 दिवस व्हेंटिलेटरवर होते. मग सुधारले. पंधराव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, आता वॉर्डात हलवू. अठराव्या दिवशी पुन्हा ताप आला, रक्तात फंगस आहे म्हणाले. चोविसाव्या दिवशी गेले. नातेवाईक अजून म्हणतात की काळी बुरशी होती, वेळेवर डोळा काढला असता तर वाचले असते. डोळ्याला तर काहीच झालं नव्हतं. फाईलची झेरॉक्स पाठवते आहे. नेमकं काय झालं होतं? – एक वाचक, अमळनेर

ताई, फाईल दोनदा वाचली.

तात्यांना काळी बुरशी झाली नव्हती. नातेवाइकांना हे पान दाखवा. त्या वर्षी सगळे जिला काळी बुरशी म्हणत होते ती म्युकर. ती नाकातून शिरते, सायनसमध्ये बसते आणि तिथून टाळू, डोळा, मेंदू अशी सरकत जाते. गाल दुखतो, दात हलतात, नाकातून काळपट घाण येते, डोळा सुजून बाहेर येतो. (बुरशी स्वतः काळी नसते बरं का. ती रक्तवाहिन्या बुजवते, तिथलं मांस मरतं, ते मेलेलं मांस काळं दिसतं.) तुमच्या फाईलमध्ये यातलं एक अक्षर नाही. तात्यांच्या रक्तात होती ती कॅन्डिडा, म्हणजे यीस्टच्या गोतातली, पाव फुगवणाऱ्या खमिराची लांबची नातलग. दोघींचा स्वभाव वेगळा, औषध वेगळं. डोळा काढण्याचा प्रश्नच येत नव्हता.

आता दिवस मोजू. चौथ्या दिवशी मानेतल्या मोठ्या शिरेत सेंट्रल लाईन, म्हणजे औषधांची नळी, घातली, ती शेवटपर्यंत तशीच होती. लघवीची नळीही तशीच. तीन अँटिबायोटिक्स एकावेळी चालू. आतड्यातले भले जिवाणू त्यात साफ होतात आणि कॅन्डिडाला मोकळं रान मिळतं. स्टिरॉइड 14 दिवस दिलेलं दिसतं. ज्या ब्रिटिश चाचणीने जून 2020 मध्ये स्टिरॉइडचा फायदा दाखवला, तिच्यात डेक्सामेथासोनचा डोस रोज 6 मिलिग्रॅम होता आणि तोही जास्तीत जास्त 10 दिवस. तात्यांना त्याहून जास्त मिळालं. त्या एप्रिलमध्ये असं पुष्कळ ठिकाणी झालं, कारण समोर माणूस गुदमरत होता आणि हातात दुसरं फारसं काही नव्हतं. शुगर 380 च्या वर गेल्याची नोंद तीन ठिकाणी आहे.

अठराव्या दिवशी ताप आला, रक्त कल्चरला, म्हणजे त्यात काय वाढतं ते बघायला, गेलं. एकोणिसाव्या दिवशी फ्लुकोनॅझोल हे बुरशीचं औषध सुरू झालं. एकविसाव्या दिवशी लॅबने ‘यीस्ट वाढलं’ एवढंच कळवलं. आणि शेवटचा रिपोर्ट सव्विसाव्या दिवसाचा आहे, तात्या गेल्यानंतर दोन दिवसांनी आलेला. त्यावर लिहिलंय: कॅन्डिडा हीम्युलोनाय. औषधांच्या रकान्यात: उपलब्ध नाही.

या नावापाशी मी थांबले, कारण हे नाव मी ओळखते. कॅन्डिडा ऑरिस नावाची एक बुरशी आहे. 2009 मध्ये जपानमध्ये तिचं पहिलं वर्णन झालं, 2013 मध्ये दिल्लीच्या रुग्णालयांतून तिची बातमी आली. जुनी यंत्रं तिला ओळखत नाहीत. त्यांच्या यादीत तिचं नावच नसतं, म्हणून त्यातल्या त्यात जवळचं नाव छापून मोकळी होतात, आणि ते नाव बहुतेक वेळा हीम्युलोनाय असतं. मतदार यादीत आपलं नाव नसलं की शेजारच्याच्या नावावर बोट ठेवावं, तसं.

असे रिपोर्ट मीही सही करून दिलेत, ताई. आमच्या यंत्राचं सॉफ्टवेअर जुनं होतं, आणि दुसऱ्या लाटेत दिवसाला शेकड्यांनी कोरोनाचे स्वॅब येत असताना बुरशीच्या नावावर अडून बसायला माणूस नव्हता. जूनमध्ये एका संध्याकाळी एकाच आयसीयूतल्या तिघांच्या प्लेटा (नमुना वाढवायच्या बशा) शेजारी ठेवल्या तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. रंगीत माध्यमावर नेहमीची कॅन्डिडा अल्बिकन्स हिरवी उगवते, ट्रॉपिकॅलिस निळी. या तिन्ही प्लेटांवर फिकट गुलाबीसर, लोण्याच्या बारीक थेंबांसारखे ठिपके होते. वास घ्यायचा नाही असा नियम आहे, पण झाकण उचललं की शिळ्या पिठाचा आंबूस वास येतोच. मी त्या प्लेटा 42 अंशांवर ठेवल्या. बऱ्याच जाती तिथे मान टाकतात. या सकाळी टवटवीत. (भुसावळच्या मे महिन्यात नुसत्या ओट्यावर ठेवल्या असत्या तरी चाललं असतं. पृथ्वी तापते आहे म्हणून ही बुरशी माणसाच्या अंगातल्या उष्णतेला सरावली, असा एक तर्क काही शास्त्रज्ञ मांडतात. तर्कच आहे, पण खान्देशात बसून तो मला हसण्यावारी नेववत नाही.) नमुने मोठ्या लॅबकडे पाठवले. तिन्ही ऑरिस निघाल्या. त्या तिघांपैकी दोघांना तोवर फ्लुकोनॅझोलच चालू होतं.

आणि इथेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. फ्लुकोनॅझोल ऑरिसला बहुतेक वेळा लागूच पडत नाही. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने तपासलेल्या नमुन्यांत सुमारे 90 टक्के त्याला दाद देत नव्हते, आणि दुसऱ्या घराण्यातल्या ॲम्फोटेरिसिनलाही 30 टक्क्यांच्या आसपास. त्यातल्या त्यात चालतं ते तिसऱ्या घराण्यातलं औषध: मायकाफंजिन, कॅस्पोफंजिन, ॲनिड्युलाफंजिन. बस, रक्तातल्या बुरशीसाठी मुख्य घराणी तीनच. जिवाणूंसाठी औषधांची एवढी रांग आणि बुरशीसाठी तीनच का, असं विद्यार्थी नेहमी विचारायचे. मी सांगायचे, जिवाणू परका आहे, बुरशी भाऊबंद. तिची पेशी आपल्या पेशीसारखीच बांधलेली. परक्याच्या शेतात विष टाकता येतं, भाऊबंदाच्या बांधावर टाकलं की ते आपल्याही विहिरीत उतरतं. ॲम्फोटेरिसिन दिल्यावर पेशंट थंडीने खाट हलेपर्यंत कुडकुडतो आणि किडनीवर ताण येतो, ते यामुळे.

तात्यांना ऑरिसच होती असं मी लिहून देऊ शकत नाही. ती प्लेट कधीच ऑटोक्लेव्ह होऊन (वाफेने निर्जंतुक होऊन) कचऱ्यात गेली. पण हीम्युलोनाय हे नाव, पाच दिवस फ्लुकोनॅझोल देऊनही न उतरलेला ताप आणि तो आयसीयू हे सगळं एकत्र ठेवलं की माझा कल तिकडे जातो. एप्रिल ते जुलै 2020 मध्ये दिल्लीच्या एका आयसीयूत कोरोनाच्या 15 पेशंटांच्या रक्तात कॅन्डिडा सापडली होती, त्यातल्या 10 जणांत ऑरिस होती. त्या 10 मधले 6 दगावले. म्हणजे औषध बरोबर मिळालं असतं तरी तात्या वाचलेच असते असंही नाही. आधीच थकलेल्या शरीरात ही बुरशी शिरते, त्यामुळे मरण नेमकं कशाच्या खात्यावर लिहायचं हे कित्येकदा आम्हालाही ठरवता येत नाही.

पत्रात दोन ओळी तुम्ही खोडल्या आहेत, पण वाचता येतात. ‘मोठ्या दवाखान्यात नेलंच नसतं तर.’ फाईलच्या पहिल्या पानावर ऑक्सिजन 82 लिहिला आहे. 82 ला घरी ठेवलेली माणसं मी पाहिली आहेत. तुम्ही नेलंत ते बरोबरच केलंत.

माझी आई सध्या आयसीयूत आहे, कोरोना नाही, पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. तुमचा लेख वाचून झोप उडाली. डॉक्टरांना काय विचारू म्हणजे त्यांना राग येणार नाही? – शिक्षक, शहादा

सर, राग येऊ द्या, पण विचारा. मानेतली किंवा मांडीतली लाईन अजून लागते का, लघवीची नळी कधी काढणार, हे रोज राउंडच्या वेळी विचारा. प्लास्टिक जितके दिवस अंगात, तितके दिवस कॅन्डिडाला बसायला जागा. नवा ताप आला तर रक्त कल्चरला पाठवलं का ते विचारा. आणि यीस्ट वाढलं असं कोणी म्हणालं तर तिथे ‘बरं’ म्हणून थांबू नका. कुठली यीस्ट? नाव काय? कोणतं औषध चालतं ते बघायला लावलंय का? नाव यायला दोन-तीन दिवस लागतात आणि तोवर डॉक्टर अंदाजाने औषध देतात, ते रास्तच आहे. पण नाव आल्यावर औषध तेच ठेवायचं की बदलायचं, हे कोणीतरी बघितलं पाहिजे. हीम्युलोनाय असं नाव आलं तर पुन्हा एकदा तपासायला सांगा. माल्डी-टॉफ नावाचं यंत्र नीट ओळखतं, ते जवळपास नसेल तर नमुना बाहेर पाठवता येतो. आईंना लवकर बरं वाटो.

ताई, तुम्ही लेखाच्या शेवटी एक ओळ टाकून दिली की शेतातल्या बुरशीनाशकांचाही यात हात असू शकतो. नातवाने ती मला वाचून दाखवली आणि हसला. करप्यावर (केळीच्या पानांवरचा बुरशीचा रोग) प्रोपिकोनॅझोल मारलं नाही तर घड भरत नाही आणि व्यापारी मालाकडे बघत नाही. आता दवाखान्यातली बुरशीही केळीवाल्याच्या माथी मारता का? – केळी उत्पादक, वय 68, ता. रावेर

आबा, ती एका ओळीत उरकण्याची गोष्ट नव्हती, चूक माझी. आणि मी माथी मारणारी कोण? मी यावल तालुक्यातल्या केळीवाल्याची मुलगी. करप्याची फवारणी आमच्या वडिलांच्या पाठीवरच्या पंपाने झाली आहे, आणि त्या पैशांवर मी शिकले. भाऊ आजही बाग सांभाळतो. मागच्या दिवाळीत त्याच्या ओसरीवर मी फवारणीची बाटली आणि माझ्या पर्समधली कॅप्सूलची पट्टी शेजारी ठेवून दाखवली होती. बाटलीवर प्रोपिकोनॅझोल, पट्टीवर इट्राकोनॅझोल. भाऊ म्हणाला, आडनाव एकच दिसतंय.

तेच आहे. फ्लुकोनॅझोल, इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल ही माणसांची, प्रोपिकोनॅझोल आणि टेब्युकोनॅझोल पिकांची, पण कुळी एक आणि काम करण्याची रीतही एक. बुरशीच्या पेशीच्या पापुद्र्यात एर्गोस्टेरॉल नावाचा स्निग्ध पदार्थ लागतो. ही औषधं तो बनवणारं यंत्र अडवतात. एखादी बुरशी त्या यंत्राचा आकार थोडा बदलून घेते, तेव्हा कुळीतली बरीच औषधं एकदम निकामी होतात, मग ती शेतात शिकली असो नाहीतर दवाखान्यात.

हे नुसतं पुस्तकातलं नाही. ॲस्परजिलस फ्युमिगेटस ही बुरशी कुजणाऱ्या पाल्यात, उकिरड्यावर, केळीच्या पडलेल्या खुंटांत सुखाने राहते. तिचे बीजाणू आपण रोज श्वासातून घेतो आणि धडधाकट माणसाला काही होत नाही. पण फ्लूने किंवा कोरोनाने फुप्फुस सोलवटलं असेल, वर स्टिरॉइड चालू असेल, तर ती आत रुजते. तिच्यावरचं मुख्य औषध व्होरिकोनॅझोल. नेदरलँड्समध्ये 1998 पासून असे पेशंट सापडू लागले, ज्यांनी आयुष्यात कधी हे औषध घेतलं नव्हतं, तरी त्यांच्या अंगातली ॲस्परजिलस त्याला आधीच सरावलेली होती. शोध घेतला तर तोच बदल मातीत आणि फुलांच्या कंदांच्या कचऱ्याच्या ढिगांत सापडला. 2012 मध्ये आपल्याकडे उत्तर भारतात, पेशंटमध्ये आणि मातीतही, तोच बदल दिसला.

कॅन्डिडा ऑरिसचं मात्र एवढं स्पष्ट नाही. ती 2021 मध्ये अंदमानच्या किनाऱ्यावरच्या वाळूत आणि खाजणात सापडली, पुढच्या वर्षी साठवणीतल्या सफरचंदांच्या सालीवर सापडल्याचं दिल्लीच्या संशोधकांनी छापलं. म्हणजे ती दवाखान्याबाहेरही राहते. औषधं पचवायला ती कुठे शिकली हे अजून सिद्ध व्हायचं आहे. रावेरच्या बागेतून जळगावच्या आयसीयूपर्यंतचा रस्ता कोणी दाखवलेला नाही, आबा, आणि मीही दाखवत नाही.

मी एवढंच म्हणेन की दर फवारणीला तीच बाटली उचलू नका, मध्ये वेगळ्या कुळीतलं औषध येऊ द्या. करप्याची पानं वेळेवर कापून बागेबाहेर काढा, पाण्याचा निचरा ठेवा. डोस मनाने वाढवू नका. हे कृषी सहायकही सांगत असेल, आणि तो दवाखान्यासाठी नाही, बागेसाठी सांगतो, कारण करपाही त्याच औषधाला सरावतो. नातवाला सांगा, हसायला हरकत नाही, पण पुढच्या खेपेला फवारताना मास्क तूच लाव.

मॅडम, मी स्टाफ नर्स आहे. कोविड वॉर्डात पीपीई किट घालून आठ-आठ तास काढले. बाथरूमला जायला नको म्हणून पाणी पीत नव्हतो. एकावर एक दोन हातमोजे, वरच्यावर सॅनिटायझर चोळायचो आणि पुढच्या पेशंटकडे जायचो. तेव्हा आम्हाला तसंच सांगितलं होतं. तुमच्या लेखात वाचलं की ही बुरशी हातांवरून पसरली. म्हणजे आम्हीच पेशंट मारले का? – नंदुरबार जिल्हा

नाही, बाई. हे उत्तर आधी, बाकीचं नंतर.

लेखातल्या त्या वाक्यात मी ‘हात’ लिहिलं आणि ते हात किती खाटांमध्ये वाटलेले होते ते लिहिलं नाही. ते लिहायला हवं होतं.

पीपीई किट बनलं ते आतल्या माणसाला विषाणूपासून वाचवायला. त्याने तुम्हाला वाचवलं. पण एका खाटेवरची बुरशी दुसऱ्या खाटेवर जाऊ नये हे त्याचं काम नाही. तोच गाऊन, तेच हातमोजे घालून दहा खाटा केल्या की किट म्हणजे एक मोठा चालता हात होतो. हे आपल्याकडेच झालं असं समजू नका. अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका रुग्णालयाने जुलै-ऑगस्ट 2020 मध्ये कोविड विभागातले 67 पेशंट तपासले, त्यातल्या 35 जणांच्या अंगावर ऑरिस होती. तिथेही कारणं हीच: गाऊन आणि हातमोज्यांचे थर, एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे ढकलत नेलेली कॉम्प्युटरची गाडी, पेशंटगणिक न पुसलेली साधनं.  सॅनिटायझर उघड्या, स्वच्छ हातावर चालतं. हातमोज्यावर चोळणं म्हणजे न धुतलेल्या ताटावरून फडकं फिरवणं.

त्याआधीची गोष्ट ऑक्सफर्डची. तिथल्या मेंदूविकारांच्या आयसीयूत 2015 ते 2017 मध्ये ऑरिस पसरली, 70 पेशंट निघाले. संसर्ग रोखण्याचे बाकीचे उपाय करूनही ती थांबेना. शेवटी सापडलं काय, तर काखेत ठेवायचे, पुन्हा-पुन्हा वापरायचे तापमापक. ते काढून टाकले आणि साथ ओसरली.

आमच्याकडे मला ती सापडली बीपीच्या पट्ट्यावर. कापडी पट्टा, वर्षानुवर्षं घामाने कडक झालेला, वेल्क्रोच्या खाचेत लोकरीसारखं काहीतरी अडकलेलं. मी त्या खाचेतून स्वॅब घेतला. खरं तर मला तसं करायचा अधिकार नव्हता, वॉर्डातले नमुने वॉर्डाच्या मागणीशिवाय घ्यायचे नसतात. तिसऱ्या दिवशी प्लेटवर तेच गुलाबीसर ठिपके. पट्टा दाखवायला गेले तेव्हा वॉर्डातल्या मावशी म्हणाल्या, “माय वं, ह्या पट्टाले कोन धुई?” प्रश्न अगदी बरोबर होता. फरशी कोणी पुसायची हे कागदावर होतं, पट्टा कोणी धुवायचा हे कुठेच नव्हतं. ऑरिस अशा कोरड्या वस्तूंवर दोन आठवडे आणि त्याहूनही जास्त दिवस तग धरते.

आता तुमच्या वॉर्डात करता येईल असं सांगते. वासाच्या फिनेलने आणि कित्येक महागड्या सुगंधी द्रावणांनी ती मरत नाही. क्लोरीनचं द्रावण, म्हणजे हायपोक्लोराइट, किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड वापरा. हायपोक्लोराइट रोज ताजं करा, कालच्या बादलीत दम राहत नाही. पुसलं की लगेच कोरडं करू नका, त्याला काम करायला वेळ द्या. पेशंटगणिक हातमोजे बदला, आणि बदलताना हात धुवा. ऑरिस निघालेल्या पेशंटला वेगळी खोली, नसेल तर कोपऱ्यातली खाट आणि त्याचा त्याचा पट्टा, स्टेथोस्कोप, तापमापक. सुपरिंटेंडेंट म्हणतील, एवढे पट्टे कुठून आणू. त्यांना हा अंक द्या.

तुमच्या पत्राला मी दोनदा उत्तर लिहून फाडलं. एका नर्सकडे किती खाटा होत्या हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण मला माहीत आहे.

2021 मध्ये व्हॉट्सॲपवर आलं होतं की कांद्याच्या सालीवर आणि फ्रिजच्या रबरावर जे काळं असतं तीच काळी बुरशी. तेव्हापासून सासूबाई कांदा तीन पाण्यांनी धुतात. खरं काय? – गृहिणी, साक्री

खोटं. कांद्यावरची काळी पूड बहुतेक वेळा ॲस्परजिलस नायजर असते, म्युकर नाही. साल काढा, धुवा, वापरा. साक्रीत कांद्याला घाबरायचं तर जेवायचं काय? तेव्हा इंडस्ट्रियल ऑक्सिजन, वाफ, झिंकच्या गोळ्या असं बरंच काही आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं गेलं. नक्की सांगता येण्यासारखे दोन आरोपी आहेत: काबूबाहेरची शुगर आणि बेहिशेबी स्टिरॉइड. म्युकर एका माणसाकडून दुसऱ्याला लागत नाही, त्यामुळे म्युकर झालेल्या माणसाला वाळीत टाकण्याचंही कारण नव्हतं. आणि एक, म्युकरवरही फ्लुकोनॅझोल चालत नाही. तिथे मुख्यतः ॲम्फोटेरिसिन लागतं, म्हणून तर त्या मे महिन्यात त्या इंजेक्शनसाठी लोक जिल्हे पालथे घालत होते. सासूबाईंना एका पाण्यावर आणा.

मांडीला नायटा आहे, वर्ष झालं. मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूब लावली की चार दिवसांत जातो, आठवड्यात परत येतो, आता मुलालाही झाला. हाही रेझिस्टंट आहे का? – धुळे

असू शकतो. भारतात ट्रायकोफायटन इंडोटिनी नावाची जात पसरली आहे, ती नायट्यावरच्या टर्बिनाफिन या औषधाला पुष्कळदा दाद देत नाही. पण आधी त्या ट्यूबवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते बघा. क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन असेल तर ते स्टिरॉइड आहे. त्याने खाज आणि लाली दबते, खाली बुरशी निवांत वाढते. ती ट्यूब बंद करा. त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी औषध घ्या आणि सांगितले तितके आठवडे घ्या. टॉवेल आणि आतले कपडे वेगळे ठेवा, कडक उन्हात वाळवा. ऊन आपल्याकडे फुकट आहे.

‘ऑरिस’ म्हणजे कान असं तुम्ही लिहिलंत. मी लहानपणापासून कानात लसूण कढवलेलं तेल घालतो. बंद करू का? – चोपडा

बंद करा, पण ऑरिसच्या भीतीने नाही. हे नाव पडलं कारण पहिला वर्णन केलेला नमुना टोकियोतल्या एका 70 वर्षांच्या बाईंच्या वाहत्या कानातला होता. नंतर जुने साठवलेले नमुने तपासताना कोरियात 1996 मधल्या एका नमुन्यातही ती निघाली. पुढे ती रक्तात, जखमेत, लघवीत सापडत गेली, कान नावापुरता राहिला. तुमच्या तेलाने ऑरिस होणार नाही. पण ओलसर, तेलकट कानात साधी बुरशी मजेत वाढते, आणि पडद्याला भोक असेल तर तेल थेट आत जातं. कान वाहत असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. त्यांनी कापसाच्या काडीवर नमुना घेतला तर लॅबच्या फॉर्मवर ‘उजवा कान’ की ‘डावा कान’ ते लिहायला सांगा. आमच्याकडे निम्मे फॉर्म ‘स्वॅब’ एवढंच लिहून येतात.